मंगलीच्या नावाचा डोळा

कुरखेडा
रविवार, दुपार

प्रिय दादा,

आई काळा चष्मा लावून हिंडत असेल. चिमूरला मंगलीमावशीकडे गेली होती, तिकडच्याच शिबिरात मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, असं तिने तुला सांगितलं. तू ते मला फोनवर सांगितलंस. मी बरं म्हणालो आणि भाताला उकळी आली आहे असं सांगून फोन ठेवला. भात केव्हाच उतरवलेला होता. दादा, ऑपरेशन चिमूरला झालं नाही. इथे झालं. माझ्या सासूबाईंनी केलं. उजवा डोळा चांगला झाला आहे. डावा राहिला आहे, आणि तो होईल की नाही ते आता मला सांगता येत नाही.

तू या घराच्या फाटकाच्या आत कधी आला नाहीस, म्हणून तुला घर सांगतो. माझ्या सासूबाई मनकर्णाबाई डोळ्यांच्या डॉक्टर, दवाखाना घराला लागूनच. त्यांनी लग्न केलं नाही. दोन मुली दोन ठिकाणांहून आणल्या आणि दोघींच्या नावापुढे स्वतःचं नाव लावलं. थोरली मयुरी भाताच्या जुन्या वाणांवर संशोधन करते. धाकटी दिव्यानी परदेशात गणित शिकवते. मी येईपर्यंत घरात पुरुष नव्हता आणि कुणाला त्याची उणीव वाटत होती असंही दिसलं नाही. मयुरी आपल्या तलावावर देवधान बघायला आली तो दिवस तुला आठवत असेल. पाण्यात आपोआप उगवणारा, बायका सुपात झोडून आणतात तो भात, त्याच्यासाठी एवढी शिकलेली बाई चिखलात उतरते याचं गावाला हसू आलं होतं. तूच तिला डोंग्यात बसवलंस आणि म्हणालास, म्याडम, डोंगा पलटला तं मासोऱ्याच तुमची परीक्षा घेतीन. ती म्हणाली, मग त्यात तरी पास होईन. वल्हं माझ्या हातात होतं. पुढचं तुला माहीत आहे.

लग्न नोंदणीचं झालं आणि मी इकडे राहायला आलो. कुरखेड्याच्या पलीकडे गोंडांच्या गावांत पोरगा मुलीच्या घरी राहून राबतो, त्याला लमसेना म्हणतात. तिथे ती रीत आहे, त्याला त्याची जागा असते. आपल्या गावात ती शिवी झाली. पारावर बसलेले तुला विचारायचे, काऊन गा डोमा, तुहा लमसेना कसा हाय? तू उठून घरी यायचास. आईने मात्र सगळ्यांसमोर एक उत्तर ठरवून टाकलं. थे त्याचं घर नोहे, सासर हाय. लेकराच्या सासरी मी पानी नाई पेत. लेकीच्या घरी पाणी न पिणारी आई मी पाहिली होती. लेकाच्या घरी न पिणारी आपलीच. लग्नानंतर तू तिला घेऊन आलास तेव्हा ती फाटकाशी थांबली. बाई बाहेर आल्या. आत चला असं एकदाच म्हणाल्या. मग आईशेजारी रस्त्याकडच्या ओट्यावर बसल्या. उन्हाचे दिवस होते. आई पाणी पीत नाही म्हणून त्यांनीही घेतलं नाही. दोघी इहिणी तशाच कोरड्या बसून धानाबद्दल बोलल्या आणि तुमची बस आली.

पहिलं वर्ष मी लपून काढलं. सकाळी खांद्याला पिशवी लावून बाहेर पडायचो, म्हणजे शेजारच्यांना वाटावं की हा कुठे कामाला जातो. बसस्टँडवर बसून परत यायचो. घरी सगळ्यांच्या भिंती पदव्यांनी भरलेल्या, माझ्या नावाचा कागद म्हणजे नापास झालेल्या बीएचा. एकदा नागपूरहून मोठे डॉक्टर जेवायला आले. जावई काय करतात, त्यांनी विचारलं. मी त्यांच्या वाटीत रस्सा वाढला. बाई म्हणाल्या, हा रस्सा त्याने केला आहे, दुसऱ्यांदा घेताय तुम्ही. त्यांचा आवाज नेहमीचाच होता. मला सांभाळून घेतल्याचा सूर त्यात नव्हता. दुसऱ्या दिवशी मी पिशवी खुंटीला लावली आणि दवाखान्याच्या स्वयंपाकघरात गेलो. आता तिथलं सगळं मी बघतो. ऑपरेशनला येणारी माणसं उपाशी आणि घाबरलेली असतात. त्यांना काय पचतं, काय मागायला लाजतात, ते मला कळतं. दिव्यानी सुट्टीत आली की माझ्याशेजारी बसून लसूण सोलते आणि तिचं गणित मला सांगते. मला कळत नाही हे तिला माहीत आहे. तरी सांगते, आणि मधेच थांबून विचारते, इथवर पटलं का? या घरात कुणी मला माझ्यापेक्षा मोठं व्हायला सांगितलं नाही. मयुरीने तर कधीच नाही.

आता जे लिहितो ते तुला आवडणार नाही. जसजसं इथे माझं बस्तान बसलं, तसतसं गावाला येणं कमी झालं. पोळ्याला नाही, दिवाळीला नाही. कामाचं निमित्त खरं होतं. पण आपल्या घरात पाऊल टाकलं की माझ्या अंगावरचं सुख दिसतं असं मला वाटायचं, जसा ओला माणूस आत आला की जमिनीवर पाणी दिसतं. आईला कमी दिसत गेलं, आणि मला त्याने मनातून थोडं बरं वाटलं असेल का, हा प्रश्न मी स्वतःला विचारलेला आहे.

आई दोन शिबिरांत जाऊन आली होती. तुला बाजाराला जाते म्हणाली असेल. दोन्हीकडे तिला एकच सांगितलं. डाव्या बुबुळावर लहानपणी धानाचं पातं लागून पडलेलं फूल आहे, म्हणजे कामाचा डोळा एकच, त्याला आम्ही हात लावत नाही, कुरखेड्याच्या बाईंकडे जा. ज्या दाराचं पाणी ती पीत नव्हती, त्याच दाराशी तिला सगळे पाठवत होते. तेव्हा तिने आपल्या डोक्याने वाट काढली. दवाखान्याची गाडी पेशंट आणायला चिमूरकडे गेली होती. आई मावशीकडे गेली, मावशीचं आधार कार्ड घेतलं, मावशीचं नाव घेतलं आणि गाडीत बसली. उपकार झालेच तर मंगलीवर होतील. गिरजा म्हणून आई कुणाच्या उपकारात नाही. पिशवीत मुरमुरे आणि पाण्याच्या दोन बाटल्या होत्या.

बाई ऑपरेशनच्या दिवशी स्वयंपाकघरात येत नाहीत. त्या दिवशी आल्या. दारातच उभं राहून म्हणाल्या, मिथुन, चेहरे माझ्या लक्षात राहत नाहीत, डोळे राहतात. हा डोळा मी फाटकाबाहेरच्या ओट्यावर पाहिला आहे. तुझी आई आली आहे. मंगलीबाई म्हणून आली आहे. नाव मी बदलून घेतलं आहे, चुकीच्या नावाच्या माणसावर मी सुरी चालवत नाही, पण ते कागदावर. तोंडाने मी त्यांना मंगलीबाईच म्हणेन. तू काय करायचं ते तुझं तू बघ. एवढं बोलून त्या हात धुवायला गेल्या.

मी काय केलं ते सांगतो. काहीच केलं नाही. ऑपरेशन होईपर्यंत मी तांदूळ निवडले. संध्याकाळी वॉर्डात जेवण गेलं तेव्हा आईने ताट परत केलं. मुरमुरे हायत माह्याजवळ. ते पाणी सांडून ओले झाले होते. सिस्टर रीता म्हणाली, आजी, गोळ्या उपाशीपोटी देता येत नाहीत. आईने विचारलं, कोन रांधते? रीता म्हणाली, आचारी हाय. तेव्हा आई उठून बसली. दवाखान्याचा आचारी, इहिणीचं घर नव्हे. मग वाढायला मी गेलो. रीताच्या हातातून डाव मीच घेतला. उजव्या डोळ्यावर पट्टी, डाव्यात फूल आणि त्यामागे पिकलेला मोतीबिंदू. तिला माझी सावली दिसत असेल, त्याहून जास्त नाही.

शेजारच्या खाटेवर सावली तालुक्यातली, आपल्याच भागातली एक बाई होती. दोघींचं चालू होतं. मले दोन पोरं, आई सांगत होती. मोठा जवळ हाय. लहाना मोठ्या घरी देला. ती बाई हसली. वो माय, पोरगी देतेत, तुनं पोरगा देला? आई म्हणाली, देला. डाक्तरीनच्या घरी. सैपाक करते म्हनतेत. बाईने विचारलं, हेच डाक्तरीन का? आई म्हणाली, नाई वो, ते दुसरी. मग बाईने विचारलं, बरा ठेवतेत का त्याले? मी वरण वाढत होतो. माझा हात तिच्या ताटावर होता. आई म्हणाली, मले का मालूम. मले इचारलं कोनं? मग ताट हाताने चाचपलं आणि माझ्याकडे तोंड करून म्हणाली, भाऊ, भात घाल अजून. बोललो असतो तर आवाज ओळखला असता. भात घातला. तिने सगळा खाल्ला.

दुसऱ्या दिवशीही मीच वाढलं, तसंच. पट्टी निघायच्या वेळी मी मागच्या आवारात सरपण फोडत बसलो. बाईंनी तिला बोटं मोजायला लावली. तिने बरोबर मोजली आणि म्हणाली, बाई, तुमचे केस पांढरे झाले. म्हणजे तिलाही ओटा आठवत होता. बाई म्हणाल्या, मंगलीबाई, थेंब वेळेवर घाला. गाडी तिला घेऊन गेली. मयुरी मला म्हणते, तू आईला जेवू घातलंस, यात चोरी कसली? मला मात्र तो भात आठवतो. इतकी वर्षं तिच्याजवळ तिचं स्वतःचं असं एकच राहिलं होतं, की लेकाच्या सासरचं खाल्लं नाही. ते मी तिच्या डोळ्यावर पट्टी असताना काढून घेतलं. त्यातून मला आनंद झाला, दादा. ती खात होती आणि मला आनंद होत होता. हे जास्त वाईट आहे.

डाव्या डोळ्याची तारीख पुढच्या महिन्यात आहे. फुलाच्या आडून मोतीबिंदू काढायचा आहे, थोडंच दिसेल, पण थांबलो तर आत दाब वाढून डोळा दुखेल आणि जाईल. मी गप्प राहिलो तर ती पुन्हा मंगली होऊन येईल. मी पुन्हा आचारी होऊन वाढीन. डोळा वाचेल. सांगितलं तर कदाचित ती फाटकाकडे फिरकणारही नाही. बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, डॉक्टर म्हणून सांगते, गप्प राहा. दुसरं काही म्हणून विचारू नकोस. मी गावी येऊन सांगू शकलो असतो. पण समोर आलो तर ती माझ्याकडे बघून ठरवेल, आणि फोनवर नको असलेलं काही आलं की तिला ऐकू येत नाही. तिने डोळ्याकडे बघून ठरवावं, माहीत असून ठरवावं. म्हणून हे पत्र तुझ्या नावाने लिहिलं असलं तरी तुझ्यासाठी नाही. तिला जवळ बसव आणि वरपासून मोठ्याने वाच. मी स्वतःबद्दल लिहिलेलं गाळू नकोस. पारावरचं गाळू नकोस. ती मधेच उठून गेली तर जाऊ दे, परत आली की जिथे थांबलास तिथून वाच. शेवटच्या या ओळी तिच्या आहेत. आई, भात वाढणारा तो भाऊ मी होतो. तू त्या बाईला म्हणालीस, तुला कुणी विचारलं नाही. खरं आहे, तुला कुणी सांगितलंही नाही, म्हणून सांगतो. मला बरं ठेवतात. फार बरं ठेवतात.

तुझाच,
मिथुन