दोनदा वाजणारी घंटा

शुक्रवार, संध्याकाळ. हमरिया, आखातातलं दादाचं घर

डोकं फिरलंय नुसतं. दुपारी जेवताना दादानं विचारलं, "उद्या अर्बाबला सांगायचंय. एसीच्या कामावर राहतोस की परत भटकायला जातोस? एकदाच विचारतोय." अर्बाब म्हणजे त्याचा इथला अरब मालक.

मी तेव्हा वहिनीला त्या फ्रेंच गावाचं सांगत होतो, जिथं मागच्या वर्षी द्राक्षं तोडली. टेकडीवर चाळीसेक घरं, उतारावर द्राक्षं, खाली गहू, त्याच्याही खाली नदी. जुना किल्ला पडला तेव्हा त्याचेच दगड लोकांनी गोठ्यांना लावले. आणि चर्चची घंटा! तासाचे ठोके पडले की दोन मिनिटांनी तेच ठोके पुन्हा. कारण शेतात वाकलेल्या माणसाचे पहिले मोजायचे राहून जातात.

दादा म्हणाला, "खलास! याला परक्या गावाचा इतिहास पाठ, स्वतःचा पत्ता नाही." वहिनी हसली. तिनं का हसावं?

राहायचंय मला. खरंच राहायचंय. पण असं धमकावून विचारतात का? तेव्हापासून दादा टीव्हीसमोर ढिम्म. पाण्याच्या निमित्तानं मी दोनदा त्याच्या समोरून गेलो.

तिकडे घंटेलासुद्धा कळतं, माणसाचं लक्ष दुसरीकडे असतं. आपणहून तर मी सांगणारच नाही. विचार की रे अजून एकदा!