चंपीच्या पुढ्यात बसून

सोलापूर, मंगळवार, मार्गशीर्ष, सन १९७३

आमची कमरेएवढी घोडी चंपी सकाळपासून वैरणीला तोंड लावीत नाही. कान गार. असे अचानक काय झाले? जनावरांच्या डॉक्टरांनीही नुसती मान हलविली.

शेजारच्या गंगव्वा म्हणाल्या, "दृष्टच की वो तात्या! लई नटवत हुता तिला. आदी त्यो कपाळावरचा गोंडा काडा."

मीठमोहऱ्या ओवाळू दिल्या. गोंडा मात्र काढला नाही. ती नटूनच शोभते.

मग आमचे चिरंजीव म्हणाले, "तात्या, डॉक्टर सुई देऊन तिला सोडवतो म्हणत्यात. हाल कशाला?"

सोडवतात? ती अजून आपल्या पायांवर उभी आहे! कान गारच आहेत, याचा अर्थ मलाही कळतो. माझी घोंगडी तिच्यावर घातली आहे. मी आता तिच्या पुढ्यातच बसलो आहे. सुई घेऊन येणाऱ्याने प्रथम मला येथून उठवून दाखवावे.