फिलूच्या चोरीसचं मीठ

१४ एप्रिल

सातवीत असताना मधल्या सुट्टीत शाळेच्या मागच्या पायरीवर फिलोमिनाने डबा उघडला होता. पावात भरलेले चोरीस. "डुकराचं आहे गो हेमा, तुला चालायचं नाही," म्हणाली. मी अर्धा पाव उचलला. संध्याकाळपर्यंत ओठ लाल! आईने ओळखलंच. मारलं नाही. फिलूला बोलावून म्हणाली, "खाल्लंन तर खाल्लंन. पण कच्च्याला हिचा हात लागू देऊ नकोस." फिलूने शब्द दिला.

बावन्न वर्षं पाळतेय. दर वर्षी आगोटीला, पावसाळ्याच्या बेगमीसाठी, ती चोरीस करते — मांसाचे तुकडे, मीठ चोळून तीन दिवस वजनाखाली, मग ऊन, मग मसाला. आतड्यात भरायचं, माळा करून चुलीवर धुरी द्यायची. मिरच्या, लसूण, माडीचा शिरका वाटायचं काम माझं. मांसाच्या टोपाचं झाकण मी कधी उघडलेलं नाही.

आज मांस आलं.

१७ एप्रिल

मसाला घेऊन गेले. फिलूने विचारलं, "राजाभाऊ नाही आले?" यांना जाऊन सहा वर्षं झाली. तिसऱ्यांदा विचारलंन या महिन्यात. म्हटलं, "येतील."

मग विचारलं, "मीठ लावलंस ना गो?"

"तू मला शिकवणार? मसाला ठेव आणि जा."

टोप समोरच होता. झाकलेला.

३ मे

फिलूचा एल्विन आला इटलीहून, चार वर्षांनी. तिथे हॉटेलात आचारी आहे. आल्या आल्या माळेतला एक चोरीस तोडला, सुरीने पातळ काप केले आणि तसेच तोंडात टाकले.

"अरे, शिजवल्याशिवाय?"

"मावशी, तिकडे असंच खातात. मांडी मिठात मुरवून दीड दीड वर्ष टांगतात. शिजवलीत तर हसतील तुम्हाला."

"तिकडे थंडी असते. इथे घाम सुकत नाही."

तो हसला. लहानपणी त्याची आईच उकळून, पाणी आटवून पुढ्यात ठेवायची. कच्चं खाऊ नये हे सांगायची वेळच कधी आली नव्हती. आणि फिलू — किती दिवसांनी तिने मुलाला नावाने हाक मारली! त्या आनंदात मी पुढे बोलले नाही.

५ मे

एल्विन इस्पितळात. रात्रभर उलट्या, ताप, सलाइन. डॉक्टरांनी विचारलं, "मीठ नीट मुरलं होतं का?"

फिलूच्या घरी जाऊन कपाट उघडलं. खडेमिठाची पिशवी. तोंड अजून शिवलेलं.

मसाल्यात थोडं मीठ असतंच, म्हणून चवीला कळलं नाही. एकदा झाकण उचललं असतं तर दिसलं असतं.

१० मे

एल्विन घरी आला. अशक्त आहे, पण बरा. माळा परसात खड्डा करून पुरल्या. फिलू खिडकीतून बघत होती.

१५ मे

सगळं विसरते, हे विसरत नाही. सकाळी चहा घेतला का ते आठवत नाही, पण मला बघितलं की, "मी माझ्या पोराला विष घातलं ना गो?" जेवत नाही. तिला सांभाळायला ठेवलेली सगुणा दिवसभर तिच्यापाशी असते. ती भरवायला गेली की तोंड फिरवते.

१६ मे

आज खोटं बोलले. तिचा हात धरून म्हटलं, "यंदा मीठ लावायचं माझ्याकडे होतं. मी विसरले."

"तू? तुला मी कच्च्याला हात लावू दिला?"

"हो. माझंच चुकलं."

"तुझ्या आईला काय सांगू मी आता?"

मग हात सोडवून घेतला. "जा तू. येऊ नकोस."

सगुणाचा फोन — दुपारी पेज प्यायल्या. वाटीभर.

२ जून

एल्विन परत गेला. मी गेले तर दार लावून घेतलंन. सगुणा जिन्यात येऊन हळूच म्हणाली, "बाई, सगळ्यांची नावं विसरतायत. तुमचा राग तेवढा लक्षात आहे त्यांच्या." म्हटलं, राहू दे. जेवतायत ना?

१९ जून

आजही दार बंद. पायरीवर फणसाची साटं ठेवून आले.

२३ जुलै

फिलू गेली. परवा, झोपेत. एल्विन काल पोचला, आज दफन झालं. एल्विनने एक कागद हातात दिला. गेल्या आठवड्यात तिने सगुणाकडून लिहून घेतला होता. इथे उतरवून ठेवते —

"मोठा टोप आणि चोरीस भरायची नळी भाचीला, योगिनीला. सगुणाला माझ्या नव्या साड्या, चारही. एल्विनला त्याच्या बापाचा कोट. हेमाला स्वयंपाकघरातलं काही देऊ नका, ती हल्ली विसरते. एकटी असते. रोज कुणीतरी जाऊन तिला बघत जा."