पूर्वाच्या मापाचा दोरा

नारपोली, भिवंडी

आये,

तुला आणि माझ्या लेकीला, पूर्वाला, मनानंच पोटाशी धरून लिहायला बसलेय. इथं सगळं ठीक आहे. यांना आता दिवसाची शिफ्ट मिळालीय. बाळाला दोन दात आले. ते जरा चालायला लागलं की पूर्वाला न्यायला येतेच.

तू दोऱ्याला गाठी मारून तिच्या छातीचं नि हाताचं माप पाठवलं होतंस ना, त्या मापाचा स्वेटर काल पुरा झाला. बाळ झोपलं की दोन ओळी विणायच्या, उठलं की सुया फळीवर ठेवायच्या. त्यात पाच महिने गेले.

काल रात्री तुझ्या शेजारच्या राकेशदादानं त्याच्या फोनवरून तिचा फोटो पाठवला. फ्रॉकच्या बाह्या मनगट सोडून केवढ्या वर गेल्यात! हा स्वेटर तिला होणार नाही, आये. उसवून मोठा विणता येईल, पण हात धजत नाही.

नीट जेवते ना ती? माझं नाव काढते का? काढत नसेल तर तसं कळवू नकोस.

नवा दोरा पाठव, माप सैल घे. जुना मी उशाखाली ठेवलाय. त्या मापाची पूर्वा आता तुझ्याकडंही नाही, माझ्याकडंच आहे.

तुझीच,
भागी