आईसाठी नावेवर टाकी

१ जानेवारी १९६३
आजपासून रोजनिशी. मी सोडून कुणी वाचायची नाही.
संकल्प तीन. पहाटे पाचला उठणे. तंबाखू बंद. आईला शिवरात्रीला तापीकाठच्या प्रकाशा तीर्थाला नेणे.
आईला साखरेचा आजार. दर तासाला मागल्या दारी जावं लागतं, म्हणून दोन वर्षांत तिने घर सोडलं नाही. शिवरात्रीला ओट्यावरून प्रकाशाच्या दिशेला हात जोडते. मला ते बघवत नाही.
प्रश्न संडासाचा आहे. म्हणजे इंजिनीअरिंगचा. म्हणजे माझा. गावातलं पहिलं ऑइल इंजिन मीच जोडलं होतं. (मेकॅनिक नुसता शेजारी उभा होता.)

४ जानेवारी
दोन दिवस लिहिलं नाही. थंडी फार.
प्लॅन तयार. बैलगाडी बाद. दिवाल्या नावाड्याच्या नावेने तापीतून जायचं. नावेच्या मागल्या टोकाला फळी, फळीला भोक, भोवती पडदा. खाली नदी आहेच. एका संध्याकाळचं काम.

५ जानेवारी
दिवाल्याला प्लॅन सांगितला. म्हणाला, "खाले लोके पानी पेतस, भाऊ. तापीमाय शे ती. हाई चालाव नई." आणि जाळं विणत बसला.
मी म्हटलं, मीही तेच सांगणार होतो. घरी येता येता सुचलं. नदीत काही टाकायचंच नाही. सगळं टाकीत साठवायचं आणि परत आल्यावर शेतात रिकामं करायचं. नावेवर टँक! असं डोकं शहाद्यातसुद्धा नसेल.

१२ जानेवारी
शहाद्याला गेलो. भीकमचंदच्या दुकानातून क्रूड ऑइलचा रिकामा ड्रम आणला. कशाला, विचारलं त्याने. शेतीसाठी, म्हटलं. खोटं नाही, शेवटी खतच. नावेचं माप आणलंय का, म्हणाला. माप मी डोळ्याने घेतो.
तंबाखू आज फक्त दोनदा. ड्रम उचलायला ताकद लागते.

२१ जानेवारी
ड्रम नावेत उभा केला. वर लाकडी सीट बसवली. झकास. फक्त सीट माझ्या छातीपर्यंत येते. आईचे गुडघे धरलेले. तीन पायऱ्या कराव्या लागतील.
बायको, प्रमिला, म्हणते, ड्रम आडवा का नाही केला. बायकांना यंत्रातलं कळत नाही. आडवा केला तर गडगडेल.

३० जानेवारी
पाणी भरून टेस्ट घेतली. नाव एका अंगाला कलली. मी पाण्यात पडलो असं दिवाल्या गावभर सांगतोय. मी नावेचा तळ बघायला उतरलो होतो. बंडी काढायची राहिली, एवढंच.
उपाय: दुसऱ्या बाजूला चार दगड. आता नाव सरळ राहते. जरा खोल जाते.

९ फेब्रुवारी
पडदा लावला. सीट उंच, त्यामुळे बसणाऱ्याचं डोकं पडद्याच्या वर येतं. हवा खेळती राहील. पडद्याला प्रमिलाच्या लग्नातला जरीकाठी शेला. ती दोन दिवस बोलत नाही. आईला अजून काही सांगितलेलं नाही. एकदम दाखवायचं.

१९ फेब्रुवारी
काम पूर्ण. नवं यंत्र पूजेशिवाय कसं सुरू करायचं? इंजिन आलं तेव्हाही नारळ फोडला होता, नांगराचीही पूजा करतो. प्रमिला म्हणाली, याची पूजा बरी दिसेल का. मी म्हटलं, यंत्र ते यंत्र. मग तिने ड्रमवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, झेंडूचा हार घातला. दिवाल्यानेही हात जोडले. मला भरून आलं.

२२ फेब्रुवारी, शिवरात्र. सकाळी ६
निघालो. आई नावेत. चेहरा उजळलाय तिचा.

सकाळी ६.४०
आईने प्रमिलाच्या कानात सांगितलं. हीच ती वेळ. मी पडदा बाजूला केला.
आईने हार पाहिला, स्वस्तिक पाहिलं. ड्रमला हात लावून डोळ्यांना लावला. मग म्हणाली, "पूजेल शे हाई. यान्हावर मी बसू?"
मी पुसायला धावलो. म्हणाली, कुंकू पुसल्याने पूजा पुसली जात नाही.
मी पुढे समजावत होतो, तोवर दिवाल्याने न विचारता नाव काठाला लावली. प्रमिला लोटा घेऊन आईला वर झुडपांमागे घेऊन गेली. पाच मिनिटांत परत. आई हसत होती.

सकाळी १०
चार वेळा थांबलो. प्रकाशाला निघालेली दुसरी नाव जवळून गेली. तिच्यातल्या बायकांनी आमच्या ड्रमला नमस्कार केला. एकीने बेलाची पानं टाकली, ती सीटच्या भोकातून आत गेली. टँकमध्ये आतापर्यंत पडलं ते एवढंच.

दुपारी ४
पोचलो. नऊ वेळा थांबून. आईने तापीत अंघोळ केली, कोरडं लुगडं नेसली, केदारेश्वराच्या गाभाऱ्यात किती तरी वेळ उभी राहिली. बाहेर आल्यावर डोळे पुसत होती.
मी म्हटलं, टँक वापरला नाही तरी नाव माझीच कल्पना. बैलगाडीने तुला येता आलं नसतं.
आई शांतपणे म्हणाली, "गाडीवरबी उनू असती. मांगली खेपले मी तुले दोनदा सांगं, गाडी थांबाड. तू थांबना नई. तुले चुनीलालना आगे पोचनं व्हतं."
मला काही आठवेना.
"मन्हं लुगडं भिजनं. भिजेल लुगडावर देवळमा कशी जाऊ?"
मग आठवलं. त्या दिवशी ती देवळाबाहेर वडाखाली बसून राहिली होती. मी समजलो, दमली असेल. येताना सगळ्या वाटेने गावातल्या चुनीलालच्या गाडीला कसं मागे टाकलं ते तिला सांगत होतो.
दोन वर्षं ती घरात बसली ती आजारामुळे नाही. फार लाज वाटली. दिवाल्या दुसरीकडे बघत होता.

२५ फेब्रुवारी
आई खांडबाऱ्याला मावशीकडे निघाली. तीन वर्षांनी. नंदुरबारपर्यंत बैलगाडी, पुढे आगगाडी. सोबत प्रमिला. गाडी हाकायला दिवाल्या.
मी म्हटलं, मी हाकतो. म्हणशील तिथे थांबेन. आईने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. म्हणाली, "तू पुढली खेपले ये."
गाडी निघाली. वळणापर्यंतही पोचली नाही तोच थांबली. प्रमिला लोटा घेऊन उतरली, मागून आई. दिवाल्याने विडी पेटवली. घाई कुणालाच नव्हती. मी फाटकात उभा राहून बघत होतो.