स्वतःला अबोल म्हणवणारा

१२ नोव्हेंबर

ताईला कॉलेजात एक गोष्ट अभ्यासाला आहे. मी शाळा सोडून लाँड्रीत कामाला लागले तेव्हापासून ती तिचं सगळं मला वाचून दाखवते — मी नको म्हटलं तरी! या गोष्टीतला माणूस स्वतःच सगळं सांगतो. सुरुवातीलाच म्हणतो, मी पडलो अबोल, कुणाच्या अध्यात ना मध्यात. एकदम आवडला मला. अगदी माझ्यासारखा.

१३ नोव्हेंबर

ताईला तो मुळीच आवडला नाही. म्हणे, अबोल आहे असं तो नेमकं केव्हा सांगतो ते बघ. मित्राची बायको दवाखान्यात, मित्र दाराशी आलाय — तेव्हा हा अबोल. बहीण मदत मागते — परत अबोल.

"स्वभाव कसला गं? पळवाट आहे ती त्याची."

मी म्हटलं, काहींना खरंच बोलता येत नाही. तिने पुस्तक मिटलं. मग मलाच राग आला. तिचा की त्याचा, काय माहीत.

१६ नोव्हेंबर

लाँड्रीत आज वाईट झालं. आमच्या इस्त्रीवाल्या काकू वकीलसाहेबांच्या लोकरी कोटाला इस्त्री करत होत्या. मालक आले, सरका, दाखवतो कशी करायची, म्हणून इस्त्री घेतली. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. बोलण्याच्या नादात ओलं फडकं न ठेवताच इस्त्री टेकवली. पाठीवर हाताएवढा डाग.

संध्याकाळी वकीलसाहेब तणतणत आले. मालकांनी सरळ काकूंकडे बोट दाखवलं. वर, उद्यापासून येऊ नका म्हणाले. काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी चादरींच्या घड्या घालत राहिले.

मी आहेच अशी. चारचौघांत तोंडच उघडत नाही माझं.

१७ नोव्हेंबर

कालचं वाचलं. "मी आहेच अशी." कुणी विचारलं होतं?

१८ नोव्हेंबर

काकूंच्या जागी आता मी. इस्त्री केवढी जड! मनगट भरून आलं. काकू दिवसभर कशी चालवायच्या, तेही गप्पा मारत? आज दुकानात नुसती वाफ.

मालक खूश. म्हणाले, "तुझं बरं आहे पोरी, तुझी काही कटकट नसते."

कौतुकच केलं की. डबा तसाच परत आणला. आई विचारत होती, बरं नाही का. बरं आहे म्हटलं.

उद्या वकीलसाहेब कोटाचं काय ते विचारायला येणारेत.

१९ नोव्हेंबर

सांगितलं. दोघांच्या तोंडावर. आवाज चिरकला, पण सगळं सांगितलं. वकीलसाहेब मालकांना म्हणाले, त्या बाईंना आधी परत बोलवा.

उद्यापासून काकू कामावर. मी नाही.