उजवीकडचा दिवा

१९ सप्टेंबर

अहवाल आला म्हणे! चार महिने थांबायला लावलं आणि हातात काय, तर एक ओळ — 'अपघाताचे कारण निश्चित करता आले नाही.' आमच्या अभिजितने मोबाइलवर वाचून दाखवलं आणि ताट सरकवून उठला. राघव त्याचा कॅप्टन, हा सहवैमानिक. छोटंसं चार्टर विमान, आकाश स्वच्छ, टाकी भरलेली, इंजिन धडधाकट — आणि शेतात येऊन पडलं. रिकामं विमान आणायला राघव एकटाच गेला होता. एरवी शेजारी अभि असायचा. त्या दिवशी याला ताप होता म्हणून — नको, लिहवत नाही.

हे म्हणाले, "कारण सापडलं नाही म्हणजे कारण नव्हतं असं नाही. बघायचं तिथे बघितलं नाही, एवढंच." जन्मभर विमा कंपनीत दावे तपासले, घरातही तोच सूर. मेलेल्या माणसाचा तरी दावा तपासू नये!

२१ सप्टेंबर

झोप नाही म्हणून दुपारी यूट्यूब लावलं. एक माणूस सांगत होता — जिथे जिथे विमान पडतं आणि कारण मिळत नाही, तिथे तिथे आधी कुणीतरी आकाशात अनोळखी दिवा पाहिलेला असतो. हसू आलं. मग दुसरा व्हिडिओ लावला. मग तिसरा. कुकरचं भान राहिलं नाही, डाळीचा पार लगदा.

हे पानावर बसून म्हणतात, "आता सोडाल्याच्या मंडईत उडत्या तबकडीतून जाणार का भाजीला?" जाईन! निदान ऑटोवाल्याशी घासाघीस तरी नको.

२५ सप्टेंबर

अंगावर काटा आला.

जेवताना अभि सहज बोलून गेला — "आई, तुझ्या त्या व्हिडिओमधला लाइट ना, मतलब, तसा मलापण दिसला." उदयपूरहून परतताना, दिवेलागणीला. उजव्या अंगाला चमकला आणि कमानीसारखा वळून गेला. वीज म्हणावी तर ढग नाही. शेजारच्या कॅप्टननी मान वळवली तोवर काहीच नाही. "दोनदा दिसला. सर हसले नुसते. रिपोर्ट करू का?"

मी ताडकन म्हटलं, "गप्प बस! वेडा ठरवून खाली उतरवतील."

तो गप्प बसला. माझंच डोकं थांबेना. उतरवलं तर मला हवंच आहे की! घरी राहील, जिवंत राहील. पण वेडा म्हणून नको. लहानपणापासून जाड चष्मा, वर्गातल्या पोरांचं 'चश्मिश, चश्मिश' — तेवढं सगळं सोसून पोरगा विमानात बसलाय. त्याच्या तोंडचा घास मी कशी काढू?

२ ऑक्टोबर, दसरा

इथे परमुलखात आपटा कुठला! दरवर्षी खेजडीची पानं आणतो — शमी ती हीच, म्हणून समाधान करून घ्यायचं. अभि सोनं द्यायला वाकला आणि त्याच्या उजव्या हाताचा धक्का लागून समई कलंडली. चांगली लख्ख तेवत होती. मला चर्रर झालं. सायंकाळी गाडी बाहेर काढताना फाटकाला घासली. उजवा दरवाजा सोलून निघाला.

"फाटक काय काल बसवलंय का रे?" हे सणाच्या दिवशी ओरडले. अभि म्हणाला, "पप्पा, लक्ष नव्हतं."

लक्ष कसं असेल! आपल्या मागावर काहीतरी आहे हे कळल्यावर कुणाचं चित्त ठिकाणावर राहील? ह्यांना सांगण्यात अर्थ नाही. पालथ्या घड्यावर पाणी.

६ ऑक्टोबर, कोजागिरी

मराठी मंडळाची कोजागिरी कानोत्याला, धरणाच्या काठी. सतरंज्या, भेळ, मसाला दूध. मीच अभिला ओढून नेलं — शहराच्या उजेडापासून लांब, तिथे तरी आकाश नीट बघता येईल. चंद्र अजून टेकडीमागेच होता. आणि हा एकदम म्हणाला, "आई, तो बघ! उजवीकडे!"

सगळ्यांच्या माना वळल्या. पाणी आणि काळोख. बास.

"शालिनीताई, दुधात भांग तर नाही ना घातलीत?" रत्नमालाबाई म्हणाल्या. मंडळाच्या अध्यक्ष झाल्यापासून त्यांना प्रत्येक गोष्टीवर काहीतरी बोलावंच लागतं. हशा पिकला. अभि मान खाली घालून पेल्याकडे बघत बसला. तीस वर्षांचा घोडा, पण शाळेतून रडवेला यायचा तस्साच दिसत होता. त्या बाईच्या अंगावर पातेलं ओतावंसं वाटलं.

परतताना एक गोष्ट डोक्यात बसली ती उठेना. आज विमान नव्हतं. तरी आला! म्हणजे तो दिवा विमानाच्या मागे नाही. अभिच्या मागे आहे. इतक्या माणसांत फक्त त्यालाच दिसतो — निवडून! देवा, माझंच पोर का?

९ ऑक्टोबर

अभि सारखा टाळ्या वाजवून डास मारतोय. मला तर एकही दिसत नाही. डेंग्यूची साथ आहे, उदबत्ती लावली.

१३ ऑक्टोबर

राहवेना म्हणून चारुलताला, राघवच्या बायकोला, फोन केला. आडवळणाने विचारलं — राघवला कधी आकाशात काही दिसायचं का? मग म्हणाली, "नहीं आंटी. ऐसा तो कभी कुछ नहीं बताया उन्होंने."

नाही सांगितलं म्हणजे नाही दिसलं असं थोडंच! अभिने तरी कुठे जगाला सांगितलंय? पण फोन ठेवल्यावर वाईट वाटलं. ती बिचारी दुःखात, आणि मी तिच्याकडे तबकड्या शोधत होते.

१७ ऑक्टोबर

अभि कॅप्टन झाला!

पाडव्याला कॅप्टन म्हणून पहिलं उड्डाण. जैसलमेरला जाणारं एक कुटुंब, दोन लहान मुलं बरोबर. हे मावा कचोरी घेऊन आले, दारातच डोळे पुसले. आजवर ह्यांना रडताना पाहिलं नव्हतं. आणि मी? माझ्या तोंडून 'अभिनंदन' काही निघेना.

हे झोपल्यावर अभिला म्हटलं, "नको जाऊस."

"का?"

"तो दिवा —"

"आई, आता तो रोजच दिसतो. आदत झालीये."

रोज! म्हटलं, आत्ताच्या आत्ता कंपनीला सांग. तर उसळला — "तूच बोललीस ना गप्प बस? बसलो. आता माझा नंबर आला तर तूच बोलते सांग! आणि काय सांगू? यूएफओ माझ्या मागे आहे?" दार आपटून आत गेला.

काय चुकीचं बोलला?

१८ ऑक्टोबर, धनत्रयोदशी

चकल्या तेल पितायत. भाजणी तीच, हात तोच. मन नाही.

२० ऑक्टोबर, नरक चतुर्दशी

पहाटे अभिला पाटावर बसवलं. दोन दिवसांचा अबोला, पण आंघोळीला मुकाट आला. डोक्याला तेल चोळलं, पाठीला उटणं लावलं. तोंडाला लावताना आत जाऊ नये म्हणून त्याने डोळे गच्च मिटून घेतले. न्हाणीघराचं दार बंद. खिडकीही बंद.

आणि पेंगुळलेल्या आवाजात म्हणाला, "आला बघ, आई. उजवीकडे."

डोळे मिटलेले होते. मिटलेलेच होते!

म्हणजे दिवा बाहेर नाहीच, ह्याच्या डोळ्यातच आहे. तांब्या हातात तसाच. मग हळूहळू त्यालाही कळलं. उटण्याने माखलेलं तोंड वर करून माझ्याकडे बघत राहिला.

सणाचे दवाखाने बंद. ह्यांना सगळं सांगितलं; हे चप्पल घालून तसेच निघाले, सिविल लाइन्समधल्या डोळ्यांच्या डॉक्टरांना घरातून उठवायला. अभि ओल्या डोक्याने कंपनीला फोन लावतोय. त्याला म्हटलंय, सगळं सांग. आईने गप्प बसवलं होतं, तेही सांग.